खुर्ची आणि तिच्यावर जे काही असेल ते

वस्तू आणि कलाकृती यांत फरक काय, हा प्रश्न फक्त अडाणी माणसाला पडतो. वस्तू वापरायची असते. कलाकृतीची नोंद करायची असते. एकदा नोंद झाली की ती दिसते कशी, कळते का, आवडते का, हे प्रश्न आपोआप मागे पडतात. लग्न लागून गेल्यावर नवऱ्याचं नाक कसं आहे हे कुणी विचारत नाही, तसंच. मी आमच्या संग्रहालयाच्या नोंद विभागात एकोणीस वर्षं आहे आणि माझ्या हातून आजवर एकही नोंद चुकलेली नाही, हे नम्रपणे सांगतो. पुढे जे काही झालं, ते सगळं माझ्या एका अचूक नोंदीमुळे झालं.

आमच्या संग्रहालयाला दोन बाजू आहेत. जुन्या बाजूला मडकी, नाणी, तलवारी असल्या बघताक्षणी कळणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून तिकडे शाळेच्या सहली जातात. नव्या बाजूला विचार ठेवले आहेत. तिथे दालन क्रमांक एकमध्ये दोन पांढरे कॅनव्हास आहेत. पैकी एक पांढरा आहे आणि दुसरा पहिल्याविषयी आहे. दालन तीनमध्ये एक दोरी आहे, ‘जी लांबही नाही आणि आखूडही नाही’ (हे माझे शब्द नाहीत, पाटीवरचे आहेत). दालन पाचमध्ये पत्र्याची कुलूपबंद पेटी असून तिच्यात कलावंताची शंका आहे. किल्ली कलावंताने नदीत टाकली. दरवर्षी तपासणीच्या वेळी मी पेटीचं वजन करतो. ते अजून घटलेलं नाही, म्हणजे शंका शिल्लक आहे. दालन सातमध्ये पेन्सिलीची एक रेघ भिंतीवरून निघून आग विझवण्याच्या नळकांड्यापाशी थांबते. नळकांडं कलाकृतीचा भाग नाही. लोक फोटो मात्र नळकांड्याचाच काढतात, त्याला इलाज नाही.

आणि दालन नऊमध्ये मावशी बसायच्या.

मावशी म्हणजे आमच्या दालन-सहायक. संग्रहालयात एकतीस वर्षं नोकरी, त्यातली बावीस मडक्यांपाशी. कुठल्या मडक्याची चीर दोन हजार वर्षांपूर्वीची आणि कुठली माजी संचालकांच्या भाच्याने पाडलेली, हे त्यांना तोंडपाठ होतं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांना नव्या बाजूला पाठवलं, कारण तिथे फुटण्यासारखं काही नव्हतं.

त्याच सुमारास संग्रहालयाने एका थोर कलावंताला दालन नऊ दिलं. त्यांनी दालन पूर्ण रिकामं मागितलं. आम्ही दिलं. पण नियम चौदाप्रमाणे प्रत्येक दालनात एक सहायक आणि एक खुर्ची ठेवावीच लागते, म्हणून ती ठेवली. कलावंत तीन दिवस रिकाम्या दालनात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते डोकं धरून भिंतीला टेकले आणि त्यांची नजर मावशींवर पडली. मावशी खुर्चीवर बसून चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने बांधत होत्या.

“हलू नका!” कलावंत ओरडले.

डोक्यावर पाल पडली असं समजून मावशी श्वास रोखून बसल्या. तेवढ्यात कलावंतांनी फोटो काढला. त्या फोटोत मावशींच्या चेहऱ्यावर जे आदिम भय दिसतं, त्यावर आमच्या डॉक्टरांनी पुढे चाळीस पानी लेख लिहिला. (डॉक्टर म्हणजे नव्या बाजूचे प्रमुख. कशाचे डॉक्टर, हे विचारण्याची पद्धत नाही.) कलाकृतीचं नाव ठरलं ‘बैठक क्रमांक ४’. एक, दोन आणि तीन कधीच नव्हत्या. कलावंतांनी सहीनिशी प्रमाणपत्र दिलं, त्याला फोटो जोडला, आणि सगळे निघून गेले. मावशी तिथेच बसून राहिल्या, कारण ती त्यांची नोकरी होती.

अशी नऊ वर्षं गेली.

यंदा मावशींनी अर्ज दिला. निवृत्तीला चार महिने होते, पण त्यांना लवकर मोकळं व्हायचं होतं. कारण दुसऱ्या गावातल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं होतं. दोघी बहिणींत अकरा वर्षं अबोला होता. आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन कुणी ठेवायचं यावरून तो झाला होता. मशीन थोरलीने ठेवलं, आणि अबोला धाकटीने. पत्रात एवढंच होतं: ‘पायरीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. मशीन तुझं. पण ते हलवता येणार नाही, इथे येऊन वापर.’

मावशींनी ते पत्र मला दाखवलं होतं. “बघा, सरळ ‘ये’ म्हणेल तर ती ताई कसली!” असं म्हणून त्या हसल्या होत्या आणि मग बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

अर्ज मंजूर झाला. निरोपाला शाल की घड्याळ यावर चर्चाही सुरू झाली. त्याच आठवड्यात मी वार्षिक तपासणीसाठी दालन नऊचं प्रमाणपत्र काढलं. ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. त्यात कलाकृतीचं साहित्य असं दिलं होतं: ‘चार भिंती, एक खुर्ची आणि तिच्यावर जे काही असेल ते. सोबतचा फोटो पहावा.’

मी फोटो पाहिला. फोटोत मावशी होत्या.

दुसरा कुणी असता तर त्याने फाइल मिटवून चहा घेतला असता. मी टिपण लिहिलं: ‘सदर कलाकृतीचा एक घटक पुढील महिन्यापासून घरी जाऊ इच्छितो. आदेश व्हावेत.’

समिती बसली. संचालकबाई, डॉक्टर, जतन अधिकारी, एक कायदेतज्ज्ञ आणि एक जाणकार नागरिक (हे गृहस्थ प्रत्येक समितीत असतात आणि चहा बिनसाखरेचा घेतात). ‘बैठक क्रमांक ४’ विषयीची ती बैठक क्रमांक एक. डॉक्टर गहिवरले. म्हणाले, “आपण नऊ वर्षं एका जिवंत कलाकृतीला हजेरीपटावर सही करायला लावत होतो. केवढा हा करंटेपणा!” कायदेतज्ज्ञ म्हणाले की संग्रहातली वस्तू निवृत्त होऊ शकत नाही, ती फक्त गहाळ होते, खराब होते किंवा समारंभपूर्वक भेट दिली जाते. जाणकार नागरिकाने विचारलं, “पण त्या बाईंना काय वाटतं?” त्यावर संचालकबाईंनी त्यांना आठवण करून दिली की साहित्याचं मत विचारण्याची प्रथा कुठल्याच संग्रहालयात नाही. उद्या दोरी काहीतरी म्हणायची.

निवृत्ती रद्द झाली.

जतन अधिकाऱ्याने पांढरे हातमोजे घालून मावशींची पाहणी केली. अहवाल माझ्याकडे आहे: ‘उंची १५२ सेंमी, बसलेली असताना १२१. पृष्ठभागावर वयोमानानुसार बारीक सुरकुत्या. दोन्ही गुडघ्यांत आवाज. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली (मूळची, बदलू नये). एकूण स्थिती: स्थिर, परंतु चिडचिडी.’ खुर्चीभोवती दोरखंड लागला. भिंतीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी आली. दालनात खाद्यपेयांना बंदी असतेच. आता ती कलाकृतीच्या आतही लागू झाली आणि मावशींचा चारचा चहा बंद झाला. केस काळे करणं, वजन कमी-जास्त होऊ देणं आणि परवानगीशिवाय शिंकणं, यांसाठी तीन वेगळे फॉर्म छापले. तिन्ही मी तयार केले. तिसरा विशेष चांगला उतरला आहे.

मावशी माझ्या टेबलाशी आल्या. माझं टिपण त्यांच्या हातात होतं.

“साहेब, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो मावशी. काही चूक आहे का?”

त्यांनी ते पुन्हा वाचलं. “नाही हो, चूक कसली. अक्षरही सुंदर आहे.” मग म्हणाल्या, “पण ताई अंथरुणात आहे. शेजारीण दोन वेळा येऊन जाते, मधल्या वेळात तिला पाणी कोण देणार?”

“हा विषय आस्थापना विभागाचा. आणि तुम्ही आता आस्थापनेत नाही, संग्रहात आहात.”

“म्हणजे बढती झाली म्हणायची?”

“एका अर्थी.”

“मग निदान चार दिवसांची रजा?”

इथे मला त्यांची दया आली हे मी कबूल करतो. कलाकृतीला रजा नसते. ती फक्त दुसऱ्या संस्थेला उसनी देता येते. त्यासाठी मागणाऱ्या संस्थेने अकरा पानी अर्ज भरायचा असतो. मी स्वतःच्या जबाबदारीवर तो अर्ज थोरल्या बहिणीला टपालाने पाठवला. माणुसकी म्हणूनही काही असतं.

अर्ज आठ दिवसांत भरून आला. पेन्सिलीने, झोपून लिहिल्यासारखा, ओळी चढत चाललेल्या. मी तो जसाच्या तसा समितीपुढे ठेवला:

संस्थेचं नाव — थोरली बहीण.
स्थापना — हिच्या सहा वर्षं आधी.
कलाकृती कशासाठी हवी — भांडायला.
कालावधी — माझं हाड जुळेपर्यंत, नाही जुळलं तर मी असेपर्यंत.
सुरक्षा व्यवस्था — शेजारीण. सगळ्यांच्या घरात लक्ष असतं.
हाताळणीचा अनुभव — लहानपणी कडेवर घेत होते. एकदा पाडली. डाव्या भुवईवर खूण आहे, बघून घ्या.
तापमान — आज जरा कणकण आहे.
आर्द्रता — मागच्या भिंतीला ओल येते.

बैठक क्रमांक दोनमध्ये डॉक्टरांनी हा अर्ज ‘वरवर सरळ, पण आतून फार गुंतागुंतीचा’ असल्याचं मान्य केलं. भुवईवरची खूण आमच्या पाहणी अहवालात राहून गेल्याचंही उघड झालं, आणि जतन अधिकाऱ्याला ताकीद मिळाली. तरीही ओलीच्या मुद्द्यावर अर्ज फेटाळला. तो निर्णय तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होता. नियमाप्रमाणे आर्द्रता पन्नास टक्के लागते, आणि भिंतीला ओल म्हणजे पन्नास टक्क्यांची गोष्टच सोडा.

शेवटचा उपाय म्हणून कलावंतांना विचारलं. ते आता डोंगरावर राहतात आणि काहीही करत नाहीत (त्यांच्या या कामाला नुकताच पुरस्कार मिळाला). त्यांचं उत्तर आलं. पाकिटात कोरा कागद होता. बैठक क्रमांक तीन साडेपाच तास चालली. कोरा कागद म्हणजे होकार, असं जाणकार नागरिकाचं मत. म्हणजे नकार, असं कायदेतज्ज्ञांचं. डॉक्टरांनी कागद उजेडात धरला आणि त्याला नमस्कार केला. ती त्या कलावंताची नवी कलाकृती होती. आम्ही तिची नोंद केली आणि चौकट करून दालन दहामध्ये लावली. कलाकृती म्हणून नोंद झाल्यावर ती पत्राचं उत्तर म्हणून वापरता येत नाही, हे ओघाने आलंच.

निर्णय मावशींना कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी दालन नऊमध्ये गेलो. मावशी बसल्या होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि दोरखंडापलीकडून विचारलं, “उद्या सोमवार. बंदच असतं ना आपलं?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

मंगळवारी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर गणवेश घडी करून ठेवला होता, आणि वर ओळखपत्र.

संग्रहालयातून कलाकृती नाहीशी झाली की पोलिसांत तक्रार करावीच लागते. फौजदार सज्जन माणूस होता. त्याने कागद पुढे ओढला.

“काय चोरीला गेलं?”

“एक बाई,” डॉक्टर म्हणाले.

“कुणावर संशय?”

“त्यांच्यावरच.”

फौजदाराने पेन खाली ठेवलं, आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पुन्हा उचललं. “म्हणजे माल आणि चोर एकच. सोपं आहे. एक सापडला की दुसरा सापडतो.” तीन दिवसांनी त्याचा अहवाल आला: ‘माल बहिणीच्या घरी मिळून आला. माल सुस्थितीत असून धुणं वाळत घालत होता. मालाने आम्हाला बसायला सांगितलं. पुढील कारवाई आपली आपण करावी.’

आम्ही तिघे गेलो. डॉक्टर, हातमोजे घातलेले जतन अधिकारी, आणि रजिस्टर घेऊन मी. बरोबर टेम्पो होता आणि टेम्पोत आतून मऊ कापड लावलेली, हवेला भोकं असलेली लाकडी पेटी.

घर एका खोलीचं. मागच्या भिंतीला खरोखरच ओल होती. अर्जात खोटं काही नव्हतं. थोरली खाटेवर तीन उशांना टेकून बसली होती. मावशी खाली सतरंजीवर बसून उशीचा अभ्रा उसवत होत्या, कारण थोरलीला टाके पसंत पडले नव्हते.

“या,” मावशी म्हणाल्या. “चहा टाकते. इथे बंदी नाही.”

डॉक्टरांनी घसा साफ केला. थोरलीला उद्देशून ते कलेच्या जबाबदारीवर बारा मिनिटं बोलले. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. ते थांबल्यावर म्हणाली, “झालं? आता मी सांगते. अकरा वर्षं ही माझ्याशी बोलली नाही. त्यातली नऊ तुमच्याकडे तोंड बंद करून बसली होती. तुम्ही त्याला कला म्हणता होय? आम्ही त्याला रुसवा म्हणतो.”

“ते काहीही असो,” डॉक्टर म्हणाले. “त्या कायद्याने संग्रहालयाच्या आहेत.”

“कागद आहे?”

मी प्रमाणपत्र पुढे केलं. थोरलीने ते हात लांब धरून, ओठ हलवत वाचलं. मग बहिणीकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

“खुर्ची आणि तिच्यावर जे काही असेल ते,” ती म्हणाली. “बरोबर?”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

“मग ही खुर्चीवर कुठे आहे? ही तर सतरंजीवर बसलीय. आमच्या घरात खुर्चीच नाही. कधीच नव्हती.”

चहाला उकळी आली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच विनंती होती. मी प्रमाणपत्र घेतलं, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मी खोटं बोलू शकलो असतो. पण माझ्या हातून आजवर एकही नोंद चुकलेली नाही.

“नोंदीप्रमाणे त्यांचं म्हणणं योग्य आहे,” मी म्हणालो.

मावशींनी माझ्या पुढ्यात चहा ठेवला. सगळ्यांत आधी मला. तेवढ्यात थोरली म्हणाली, “अगं, त्या भोकं पाडलेल्या पेटीचं लाकूड चांगलं दिसतंय. विचार त्यांना, ठेवून जातात का.” आम्ही ठेवून आलो. मागच्या ओल्या भिंतीला लावायला ती उपयोगी पडली, असं नंतर कळलं. आणि थोरलीचं हाड जुळलं. काठी घेऊन चालते आणि चालताना दोघी मोठमोठ्याने भांडतात. शेजारणीने याबद्दल तक्रार दिली आहे, पण ती आमच्या कक्षेत येत नाही.

इकडे दालन नऊ बंद करण्याचा प्रस्ताव आला. तोवर पाटी बदलायची म्हणून मी टाइप करून लावली: ‘बैठक क्रमांक ४. खुर्चीवर सध्या काही नाही.’ आणि काय सांगू, दालनासमोर रांग लागायला लागली. लोक येतात, दोरखंडापाशी उभे राहतात, रिकाम्या खुर्चीकडे बघतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. समितीने अभिप्रायाची पेटी ठेवली. दोन महिन्यांत चारशे बारा चिठ्ठ्या पडल्या. त्यांतल्या तीनशे सत्त्याऐंशी लोकांना आपलं सगळं आयुष्य आठवलं, बावीस जणांना आई आठवली, आणि तिघांनी दालनातल्या वाऱ्याबद्दल लिहिलं. प्रस्ताव अर्थातच मागे घेतला. डॉक्टर अनुपस्थितीवर दुसरा लेख लिहीत आहेत. तो ऐंशी पानी होईल.

चिठ्ठ्यांची नोंद माझ्याकडेच आहे. त्यात तुमचीही एक आहे. दोनशे सहावी. ‘या रिकाम्या खुर्चीत एक संपूर्ण माणूस दिसला,’ असं तुम्ही लिहिलंय. वाक्य चांगलं आहे; डॉक्टरांनी ते लेखासाठी उचललंही. मी फक्त सहज म्हणून दालन नऊची जुनी पाहुण्यांची वही चाळली (मावशी तीत प्रत्येकाची वेळ आणि प्रश्न टिपून ठेवत). तीन वर्षांपूर्वीही तुम्ही आला होता. तेव्हा त्या खुर्चीवर माणूस होता. तुम्ही दालनात चाळीस सेकंद होता आणि त्या माणसाला एकच प्रश्न विचारलात: प्रसाधनगृह कुठे आहे?

मावशींनी उठून, चार पावलं पुढे येऊन, वळण कुठे घ्यायचं ते हाताने दाखवलं होतं. गुडघे दुखत असताना.

असो. तुमचा अभिप्राय संग्रहात दाखल करून घेतला आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा डोळे पुसायला दाराशी कागदी रुमाल ठेवले आहेत. माणशी एकच घ्यावा.